जुईचा दिवा लागत नाही

विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी जुई म्हात्रे आमच्या वर्गात आली, बाकावर बसली, कपाळाला पट्टी बांधली, आणि आम्हा अकरा जणांचे हिरवेगार दिवे एकदम मिणमिणायला लागले. मागच्या बाकावरच्या यशोधनने कपाळाला हात लावला. मी चांगल्या घरची मुलगी असल्यामुळे फक्त मोठ्याने उसासा टाकला.

मी शाल्मली टिपणीस. पेणच्या आमच्या कॉलेजात प्रगत गणिताचा लयवर्ग होता आणि त्यात माझा दिवा सगळ्यांत आधी हिरवा व्हायचा. हे मी म्हणत नाही, घरत मॅडमच म्हणायच्या. मीही त्यांना कधी अडवलं नाही.

आता ही दिव्यांची भानगड काय, ते आरतीवरून पटकन कळेल. आरतीला वीस माणसं जमतात. सुरुवातीला टाळ्या इकडेतिकडे पडतात, पण दुसरं कडवं येईपर्यंत सगळ्या एका ठेक्यात येतात. कोणी मोजत नाही, कोणी शिकवत नाही. मेंदूचंही तसंच आहे. मेंदूत विजेच्या बारीक लहरी सतत उठत असतात, आणि चार डोकी एकाच गोष्टीत रमली की त्यांच्या लहरी हळूहळू एका ठेक्यात येतात. शास्त्रज्ञांना हे आधीपासून ठाऊक होतं. पुढची करामत पट्टीची. एखादी गोष्ट ‘अरे हो!’ म्हणून डोक्यात शिरते तेव्हा उजव्या कानाच्या वर एक छोटीशी लहर उसळते. पट्टी ती पकडते, कानाजवळचा दिवा हिरवा करते आणि त्याच ठेक्याचे हलके स्पंद बाकीच्यांच्या पट्ट्यांना पाठवते. एकाला समजलं की दुसऱ्याला समजणं सोपं जातं. डोकं झगडत असेल तर दिवा पिवळा, काहीच हाती लागत नसेल तर विझलेला. सगळे हिरवे झाले की धडा संपला, चला पुढे. वर्षाचा अभ्यास आम्ही दिवाळीच्या आत उरकणार होतो.

अडचण एकच. अर्ध्या आरतीत घुसणाऱ्याची टाळी हमखास चुकते, आणि तो शेजारच्यांच्याही टाळ्या चुकवतो.

जुईचा प्रवेश जूनमध्येच झाला होता. पण ती म्हात्रेंच्या कारखान्यातली. आता पेणमध्ये गणपतीचं अंग यंत्रच घडवतं, शाडूचा थर थरावर चढवत अख्खी मूर्ती बघता बघता उभी करतं. डोळे मात्र अजून हातानेच काढतात. यंत्राने आखलेले डोळे आपल्याकडे बघतच नाहीत, असं गिऱ्हाईक म्हणतं. म्हात्रेंकडे डोळ्यांची आखणी जुई करायची, त्यामुळे बाप्पा घरोघरी पोचल्याशिवाय तिला कॉलेजचं तोंड बघता यायचं नाही. पेणकरांना यात वावगं काहीच वाटत नाही. लयवर्गाच्या नियमांना वाटतं.

नियम असा होता, की उशिरा आलेल्याला वर्गातला एक जोडीदार द्यायचा, आणि शिकवणीसाठी दोघांना जोडीच्या पट्ट्या. दसरा झाला की लयवर्ग तपासणारे मोकल साहेब अलिबागहून येऊन बघणार. नव्या मुलीचा दिवा वर्गाच्या दिव्यांशी जुळला तर ती राहणार, नाही जुळला तर साध्या वर्गात जाणार. एकदा गेलं की परत यायची सोय नव्हती.

“शाल्मली, जोडीदार तू,” घरत मॅडम म्हणाल्या.

“मी? मॅडम, माझी लय बिघडेल हो!”

“बिघडू दे थोडी. फार सुरात आहेस तू.”

वर्ग खदाखदा हसला. जुईही हसली, तेव्हा मला तिचा जास्तच राग आला.

*

शिकवणी कारखान्यातच बसायची, कारण जुईला संध्याकाळी तिथली आवराआवर असायची. हंगाम संपलेला कारखाना मी पहिल्यांदाच बघत होते. यंत्रं कापडाखाली झाकलेली, जमिनीवर रंगांचे ठिपके, आणि भिंतीला मूर्ती ठेवायच्या लाकडी पाटांची चळत छतापर्यंत.

“ये बाय, बस,” जुईचे बाबा, म्हात्रे काका म्हणाले. “चहा घेशील ना? हिला जरा नीट शिकव. डोका चालतो हिचा, पन प्रश्न जाम इचारते.”

हे त्यांनी कौतुकाने सांगितलं की सावध केलं, ते मला चार दिवसांनी कळलं. दोन्ही होतं.

मी नुसत्या वर्गात मिळवलेल्या हिरव्या दिव्यांच्या जोरावर शिकवायला बसले होते. सुरुवात बरी झाली. अर्धा, पाव, एक अष्टमांश, एक षोडशांश अशी न संपणारी बेरीज करत गेलं तरी ती एकाच्या पुढे जात नाही, हे मी तिला सांगायला लागले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, “म्हणजे वाटीत रंग आहे. निम्मा घेतला. उरलेल्यातला निम्मा घेतला. परत उरलेल्यातला निम्मा. घेतच राहिले तरी वाटीभरापेक्षा जास्त कुठून येणार?”

तिचा दिवा टच्चकन हिरवा झाला. जोडीच्या पट्टीतून तो स्पंद माझ्याकडे आला, आणि खरं सांगते, मला मजा वाटली. वर्गातला हिरवा दिवा मला कधीच अशा गुदगुल्या करून गेला नव्हता.

त्यानंतर मी रोज जायला लागले, तेही वेळेच्या आधी. जुई पेन्सिलीने गणित सोडवायची ती हात न टेकता, आखणीला बसल्यासारखी, श्वास धरून. बरोबर आलं की ‘हुश्श’ म्हणायची. महिना संपता संपता तिने आमचे बहुतेक धडे गाठले. आता एकच राहिला होता. तो आम्ही वर्गात एका दुपारी झटक्यात संपवला होता, म्हणून मी तो शेवटी ठेवला होता.

“हे सोपं आहे गं,” मी म्हणाले. “ही बघ दुसरी बेरीज. एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव, एक पंचमांश, अशी न संपणारी. ही पण कुठेतरी थांबते.”

“का?”

“कारण पदं लहान लहान होत जातात.”

जुईने कागदावरच्या एकेका पदावरून पेन्सिल फिरवली. तिचा दिवा विझलेलाच. मग घरच्या बोलीत म्हणाली, “मना नाय समजला.”

मी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. मग तिसऱ्यांदा, हातवारे करून.

“पदं लहान होतात ते दिसतंय,” ती म्हणाली. “पण म्हणून थांबलंच पाहिजे, हे तुला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? पदं लहान होत जातात, म्हणून…”

“म्हणून?”

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. ज्या वाक्यावर महिन्याभरापूर्वी माझा दिवा सगळ्यांत आधी लागला होता, त्या वाक्याच्या मागे चाचपून बघितलं तर भिंतच नाही! कानाजवळचा प्रकाश पिवळा झाल्याचं मला समोरच्या भिंतीवरच्या आरशात दिसलं, आणि बघता बघता दिवा विझला.

“पट्टीची बॅटरी गेली,” मी म्हणाले.

“माझी तर चालू आहे, तरी दिवा विझलेलाच,” जुई म्हणाली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटलो ते काका बाहेरून “काय झाला गो?” म्हणून डोकावेपर्यंत.

हसू ओसरल्यावर जुई उठली आणि तिने पाटांच्या चळतीतून थोडे पाट काढून आणले. “आम्ही लहानपणी एक खेळ खेळायचो. पाट टेबलाच्या कडेवरून बाहेर काढत न्यायचा. कोणाचा जास्त बाहेर जातो ते बघायचं. मी नेहमी हरायचे, माझा हात घाई करायचा.”

एक पाट तिने कडेवरून बरोबर अर्धा बाहेर सरकवला. मग त्याच्याखाली दुसरा घातला, आणि वरचा तसाच ठेवून दोन्ही मिळून पुढे ढकलले, तोल जातो जातो म्हणेपर्यंत. आम्ही फूटपट्टीने मोजलं, पाव पाट पुढे गेला होता. मग खाली तिसरा, तेव्हा सहावा भाग. चौथा, तेव्हा आठवा. पाचव्याला दहावा. आणि सगळ्यांत वरचा पाट टेबलाच्या पूर्ण बाहेर! अख्खा हवेत, खाली नुसती फरशी, आणि पडत नव्हता.

“अर्धा, पाव, सहावा, आठवा, दहावा,” मी पुटपुटले. “जुई, दुप्पट कर.”

“एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव, एक पंचमांश.” ती जागच्या जागी थांबली. “ही तर तीच बेरीज आहे!”

मग आम्ही कागदावर तुटून पडलो. युक्ती कोणाला सुचली यावरून आमचं अजून भांडण होतं. एक तृतीयांश आणि पाव मिळून अर्ध्यापेक्षा जास्त. पुढची चार पदं मिळून परत अर्ध्यापेक्षा जास्त, कारण त्यातलं सगळ्यांत लहानसुद्धा एक अष्टमांश. त्यापुढची आठ मिळून परत अर्ध्यापेक्षा जास्त. पुढे सोळा, पुढे बत्तीस. दर वेळी अर्ध्याची भर पडतच राहणार. पदं कितीही बारीक होऊ देत, बेरीज कुठेच थांबत नाही. पाट पुरले तर वरचा पाट थेट एस. टी. स्टँडपर्यंत बाहेर काढता येईल!

दोघींचे दिवे एकाच क्षणी लागले. मी जुईला मिठी मारली, टेबलाला धक्का बसला आणि सगळे पाट धडाधड खाली आले. काकांनी या वेळी विचारलंही नाही.

*

आनंद घरी पोचेपर्यंत टिकला, आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या वर्गातले अकराच्या अकरा दिवे एका साफ चुकीच्या गोष्टीवर हिरवे झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरत मॅडमना गाठलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि टेबलावर टिचकी मारली.

“मी काय सांगितलं होतं? बेरीज थांबायची असेल तर पदं लहान होत जायलाच हवीत. तुम्ही ते उलटं धरलंत. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणजे पाऊसच पडला असं नाही. शेजारणीने सडा टाकला असेल. तुमच्यातल्या कोणाला तरी ‘अरे हो’ झालं, आणि ते ‘अरे हो’ सगळीकडे पसरलं.”

“म्हणजे पट्टी समज पाठवतच नाही?” मी विचारलं.

“समजल्याचा आनंद पाठवते. आरतीत शब्द चुकले म्हणून टाळ्या चुकतात का कधी?”

“मग आजच सगळ्यांना सांगून टाका ना, मॅडम.”

“सांगते. आणि लगेच सगळे हिरवे होतील, माझ्या सांगण्यावर.” त्या जुईकडे वळल्या. “ठेक्याबाहेरच्या कोणीतरी प्रश्न विचारला तरच हे सुटेल. पण परवा मोकल साहेब येतायत. त्यांच्यासमोर तुझा दिवा विझलेला राहिला तर तुझी जागा जाईल, आणि ते माझ्या हातात नाही. आत्तापर्यंत तुझी लय वर्गाशी बऱ्यापैकी जुळली आहे. परवा काही करू नकोस, नुसती सैल बस. बाकीचे तुला ओढून हिरवी करतील. प्रवेश पक्का झाला की मग बघू. ठरव तूच.”

बाहेर आल्यावर मी जुईचा हात धरला. “सैल बस. ऐक माझं. मला तू वर्गात हवी आहेस.” हे मी बोलले, याचं तिच्यापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं.

जुई म्हणाली, “यंत्राने काढलेले डोळे तू बघितलेयस? अगदी रेखीव असतात. पण बघत नाहीत.”

एवढं म्हणून ती कारखान्याकडे निघाली. मला त्या दोन दिवसांत जेवण गेलं नाही.

*

मोकल साहेब म्हणजे इस्त्रीचा सदरा आणि इस्त्रीचं मराठी. ते प्रत्येक शब्द झाडून पुसून मग बाहेर काढत. सोबत त्यांची स्वतःची पट्टी होती, वर्गाची लय आतून अनुभवण्यासाठी, असं त्यांनी सांगितलं. ती बांधून ते फळ्यापाशी उभे राहिले.

“विद्यार्थ्यांनो, हा प्रश्न तुमच्यासाठी नवीन आहे. मूळ संख्या घ्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि पुढे. आता अर्धा, एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश, अकरावा भाग, अशी न संपणारी बेरीज करा. ही बेरीज थांबते की थांबत नाही?”

यशोधनचा दिवा लागला. पदं लहान होत जातात, म्हणून थांबते. मग त्याच्या शेजारचा लागला, मग पुढचा. ठेका माझ्याकडे आला तो मला जाणवला, कोवळ्या उन्हासारखा, हवाहवासा. मला उत्तर माहीत नव्हतं. या बेरजेत मधली कितीतरी पदं गाळलेली, त्यामुळे पाटांची युक्ती सरळ लागू पडत नव्हती. ती थांबत असेल, नसेलही. आणि तरी माझा दिवा हिरवा झाला! इतकं सगळं माहीत असून झाला. मोकल साहेबांचाही झाला. ते समाधानाने मान डोलावत होते.

उरला एक. जुईचा दिवा पिवळा होऊन थरथरत होता. मी मनात म्हणत होते, सैल बस, जुई, सैल बस. तो हिरव्याकडे झुकला. जुईने श्वास धरला, आखणी करताना धरते तसा, आणि ती उभी राहिली.

“सर, मना नाय समजला.”

तिचा दिवा विझला.

“इतर सर्वांना समजले आहे,” मोकल साहेब म्हणाले.

“हो सर. म्हणून त्यांनाच विचारते.” ती मागे वळली. “यशोधन, तुला कसं समजलं रे? मला सांग ना.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच हवं होतं. यशोधन ऐटीत उठला. “सोपं आहे. पदं लहान होत जातात, म्हणून…”

“म्हणून?”

“म्हणून…” यशोधनचा दिवा पिवळा झाला. त्याने वर छताकडे बघितलं, खाली बुटांकडे बघितलं. “एक मिनिट हं.” दिवा विझला.

शेजारचा त्याला मदत करायला उठला आणि अर्ध्या वाक्यात त्याचाही विझला. मी मनाशी म्हटलं, कसं, शाल्मली, कसं? आणि ते कोवळं ऊन माझ्या डोक्यातून निघून गेलं. त्या एका ‘म्हणून’पाशी एकेक जण अडखळत गेला, आणि बाकामागून बाक विझत गेला. शेवटी सगळा वर्ग विझलेला, आणि चेहरे असे जागे, की मी त्यांना जूनपासून पहिल्यांदाच बघत होते.

“मॅडम, यंत्रात काहीतरी बिघाड आहे,” मोकल साहेब म्हणाले.

“नाही साहेब,” घरत मॅडम म्हणाल्या. “आज प्रथमच ते खरं बोलतंय.”

मोकल साहेब फळ्यापासून निघाले. ते जुईच्या बाकापाशी गेले. तिच्या दिव्याकडे वाकून बघितलं. मग आमच्या ओळींतून सावकाश फिरले, प्रत्येकाच्या कानाशी वाकत. माझ्यापाशी आले तेव्हा मी डोळेच मिटून घेतले.

“नियम असा आहे,” फळ्याशी परत येऊन ते म्हणाले, “की उशिरा आलेल्या विद्यार्थिनीचा दिवा वर्गाच्या दिव्यांशी जुळला पाहिजे.”

त्यांनी एकवार सगळ्या बाकांवरून नजर फिरवली.

“जुळलेला आहे. एकूण एक दिव्याशी. जागा पक्की.”

आम्ही जो आरडाओरडा केला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. यशोधन बाकावर चढला. मी जुईच्या गळ्यात पडले आणि रडले, आणि रडताना हसले. तेवढ्यात दारात म्हात्रे काका, डोक्यावर पाटांची थप्पी घेऊन. सकाळीच जुईने त्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे काय करायचं ते तिचं आधीच ठरलेलं होतं, आणि मला पत्ता नाही!

“कुठं ठेवू गो?”

“मॅडमच्या टेबलावर, बाबा.”

दंगा थोडा निवला तेव्हा माझं लक्ष मोकल साहेबांकडे गेलं. ते फळ्यावरच्या स्वतःच्या प्रश्नाकडे टक लावून बघत होते. कानाशी हात नेऊन त्यांनी आपली पट्टी चाचपली. त्यांचाही दिवा विझला होता. कधी, ते कोणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, एक बाक टेबलापाशी ओढला, आणि इतक्या वर्षांची इस्त्री मोडून म्हणाले, “पोरी, मना पन नाय समजला. दाव बघू.”

“मलाही नाही माहीत, सर,” जुई म्हणाली, आणि पहिला पाट टेबलाच्या कडेवर ठेवला. “पण इथून सुरू करू.”